ॲसिटिक ॲसिड नक्की करतं तरी काय? (फ्रीडेल-क्राफ्ट्स, व्हायवात दांडी गुल)

गोंधळलेला अणू

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

काल ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल झालं. फ्रीडेल-क्राफ्ट्स अल्किलेशन, म्हणजे बेन्झीनसारख्या रिंगवर कार्बनचा गट (अल्किल) चिकटवायचा, आमच्यात एका रिंगवर दोन टर्ट-ब्युटिल. ३ ग्रॅम १,४-डायमिथॉक्सीबेन्झीन, १० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५ मिली टर्ट-ब्युटेनॉल, मग बर्फात ठेवून १० मिली कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक थेंब थेंब, मग थोडा वेळ बाहेर ढवळायचं, मग बर्फ, पाणी, फिल्टर, थंड मिथेनॉलने धुवायचं आणि मिथेनॉलमधूनच रिक्रिस्टलाइझ. करून टाकलं सगळं. मग व्हायवात सरांनी विचारलं, या बाटल्यांपैकी कोण काय करतंय ते एकेक सांग. मी म्हटलं ॲसिटिक ॲसिड कॅटलिस्ट (ॲसिड आहे ना!), सल्फ्युरिक डिहायड्रेटिंग एजंट, मिथेनॉल सॉल्व्हंट. सर म्हणाले बरं, मग ॲसिटिक ॲसिड काढून टाकलं तर काय होईल? मी गप्प. पाणी कशाला घातलंस? मी गप्प. मग सर पण गप्प, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं ते मला दिसलं नाही पण अंदाज आला.

वर आणखी एक फजिती. ॲसिटिक ॲसिडमध्ये डायमिथॉक्सी विरघळवून बीकर बर्फात ठेवलं आणि पाच मिनिटांत आत पांढरे स्फटिक! मी पार्टनरला म्हटलं अरे आलं पण प्रॉडक्ट. अजून ब्युटेनॉलची बाटली उघडली पण नव्हती.

कोणी जरा इस्कटून सांगेल का?

उगाच एक

ॲल्युमिनियम क्लोराईड कुठाय यात? त्याच्याशिवाय फ्रीडेल-क्राफ्ट्स कसलं, पुस्तकात तर तेच असतं.

चंचुपात्र

ब्युटेनॉल घालायच्या आधी प्रॉडक्ट =)) अहो ते ॲसिटिक ॲसिडच गोठलं. शुद्ध ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशाला गोठतं, ग्लेशियल हे नाव त्यावरूनच पडलंय. तुमचं डायमिथॉक्सी आत विरघळलेलं असल्यामुळे गोठणबिंदू आणखी सातआठ अंश खाली गेला असेल पण बर्फ तर शून्याला आहे, मग कुठे जाणार. थोडं डायमिथॉक्सीही सोबत बाहेर पडलं असेल. टर्ट-ब्युटेनॉल घातल्यावर परत वितळलं की नाही?

गोंधळलेला अणू

हो हो वितळलं! आणि मी घाबरलो की प्रॉडक्ट विरघळलं.

निळा लिटमस

व्हायवा घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलोय त्यामुळे तुमच्या सरांची बाजू आधी घेतो, प्रश्न चांगला विचारला त्यांनी. बाटलीवर काय लिहिलंय यावरून भूमिका ठरत नाही हो. नाटकात पोलिसाचं काम करणारा घरी पोलीस नसतो. दोनच प्रश्न विचारायचे: याच्यातले अणू शेवटी प्रॉडक्टमध्ये सापडतात का? आणि नसतील सापडत तर रिॲक्शन संपल्यावर हा जसाच्या तसा परत मिळतो का, की मुळात याने कुठलं बॉन्ड तोडलं-जोडलंच नाही?

आता लावा एकेकाला. डायमिथॉक्सीबेन्झीनची रिंग प्रॉडक्टमध्ये आहे, तो सब्स्ट्रेट. टर्ट-ब्युटेनॉलचे चार कार्बन प्रॉडक्टमध्ये आहेत, तो अल्किलेटिंग रिएजंट. ऑक्सिजन मात्र पाण्याच्या रूपाने बाहेर गेला. सल्फ्युरिक प्रॉडक्टमध्ये नाही. त्याने काय केलं तर अल्कोहोलच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन बसवला, त्यामुळे ओएच जो कधी सुटायला तयार नसतो तो पाणी होऊन सुटला, मागे टर्ट-ब्युटिल कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) राहिला, त्यावर रिंगने आपले इलेक्ट्रॉन टाकले, मधे सिग्मा कॉम्प्लेक्स बनला (वेलँड इंटरमीजिएट म्हणतात तोच) आणि त्या कार्बनवरचा प्रोटॉन बायसल्फेटने किंवा आसपासच्या कुणी काढून घेतला की रिंग परत ॲरोमॅटिक. म्हणजे एक प्रोटॉन दिला, एक परत आला, म्हणून कॅटलिस्ट. हेच दोनदा, कारण दोन टर्ट-ब्युटिल लागतात.

ॲसिटिक ॲसिड ना प्रॉडक्टमध्ये, ना प्रोटॉन देण्यात. पीकेए (जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) ४.७६ त्याचा, आणि प्रोटॉन बसलेल्या अल्कोहोलचा उणे २ च्या आसपास. तेवढी ओढ नाही त्याच्यात. तो सॉल्व्हंट. डायमिथॉक्सी घन आहे, टर्ट-ब्युटेनॉल २५ अंशाखाली घन होतो, दोघांनाही सामावून घेणारं आणि सल्फ्युरिक ओतल्यावर न बिथरणारं द्रव पाहिजे, ते काम त्याचं. काढून टाकलं तर रिंग सल्फ्युरिकमध्ये नीट विरघळत नाही, जिथे विरघळेल तिथे सल्फोनेशनची भीती, आणि ॲसिड पडेल तिथे एकदम गरम.

डिहायड्रेटिंग एजंट हे तुमचं उत्तर मात्र मी पूर्ण चुकीचं धरलं नसतं, अर्धा मार्क दिला असता. बघा, १० मिली कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे साधारण १८ मोलर, झाले ०.१८ मोल. कॅटलिस्टला एवढं कशाला लागतं? तर दर अल्किलेशनमागे एक पाणी सुटतं, एकूण ०.०४३ मोल, आणि ते मोकळं हिंडलं तर कार्बोकॅटायनला पकडून परत अल्कोहोल करतं. सल्फ्युरिक ते पाणी आवळून धरतं. काही पद्धतींत तर फ्यूमिंग सल्फ्युरिक वापरतात.

परीक्षानळी

+१. आणि पाणी, मिथेनॉल राहिलं. ते रिॲक्शनमध्ये नाहीतच, ते नंतरच्या साफसफाईतले. पाणी घातलं की ॲसिटिक आणि सल्फ्युरिक दोन्ही पाण्यात जातात, प्रॉडक्ट पाण्यात विरघळत नाही म्हणून खाली बसतं, शिवाय ॲसिड एवढं पातळ होतं की रिॲक्शन तिथेच थांबते. थंड मिथेनॉल उरलेलं डायमिथॉक्सी आणि एकच टर्ट-ब्युटिल लागलेला अर्धवट माल घेऊन जातो.

@उगाच एक, अल्कोहोल आणि ॲल्युमिनियम क्लोराईड एकत्र आणलं तर तो आधी अल्कोहोलशीच भांडत बसेल, हायड्रोक्लोरिक सुटेल आणि अल्कॉक्साईड बनेल. शिवाय दोन मिथॉक्सी असलेली रिंग आधीच उतावीळ, तिला एवढा दांडगा लुईस ॲसिड (इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणारा, जसं ॲल्युमिनियम क्लोराईड) लागत नाही. कार्बोकॅटायन कुठून आला याला महत्त्व नाही, क्लोराईड आणि लुईस ॲसिड, अल्कोहोल आणि प्रोटॉन, अल्कीन आणि प्रोटॉन, सगळी फ्रीडेल-क्राफ्ट्सच.

उगाच एक

ओके. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो पण राहू दे, कोणाला तरी उपयोग होईल.

गोंधळलेला अणू

लिटमस काका दंडवत. पण मग सॉल्व्हंटच पाहिजे तर इथेनॉल का नाही, किंवा मिथेनॉल, जे शेवटी वापरतोच आहोत? ॲसिटोन? आणि सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक चालेल का, ते पण स्ट्राँग आहे.

निळा लिटमस

हे प्रश्न व्हायवात विचारले असतेत तर पूर्ण मार्क मिळाले असते.

कार्बोकॅटायन हा भुकेला प्राणी, समोर इलेक्ट्रॉनची जोडी दिसली की झडप. मिथेनॉलमध्ये टाकलात तर चहूबाजूंनी मिथेनॉलच, रिंगपर्यंत पोचेपर्यंत तो टर्ट-ब्युटिल मिथिल ईथर होऊन बसेल. शिवाय प्रोटॉन आधी मिथेनॉलवर बसतो, सल्फ्युरिकची धार तिथेच बोथट. पाण्याचं तेच, आणि पाण्यात रिंग विरघळतही नाही. ॲसिटोन कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये स्वतःशीच कंडेन्स होतं, काळपट राडा. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, आणखी एक सॉल्व्हंट) वगैरे सरळ बेसच आहेत या ॲसिडसमोर.

हायड्रोक्लोरिकची गंमत अशी की ती बाटली तीनपंचमांशाहून जास्त पाणीच असते, आणि क्लोराईड हा चांगला न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देऊन चिकटणारा). टर्ट-ब्युटेनॉल आणि कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक सेपरेटिंग फनेलमध्ये हलवलं की काय मिळतं? टर्ट-ब्युटिल क्लोराईड, वरचा थर, ५१ अंशाला उकळणारं. ते तर वेगळंच प्रॅक्टिकल आहे! बायसल्फेट बिचारा आळशी आहे, कार्बनला नीट चिकटत नाही, चिकटला तरी सुटतो, म्हणून सल्फ्युरिक.

चंचुपात्र

काका एक शंका. पुस्तकं म्हणतात ॲसिटिक ॲसिड पोलर म्हणून कार्बोकॅटायनला आधार देतं. पण त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पोलरपणाचं माप) जेमतेम ६.२ आहे, पाण्याचा ८० च्या घरात. हे पोलर कसलं? आणि ॲसिटेट पण न्यूक्लिओफाइल नाही का, टर्ट-ब्युटिल ॲसिटेट बनत नसेल?

निळा लिटमस

बनत असेल थोडं, पण या ॲसिडमध्ये ते परत तुटतं. गेलेला कार्बोकॅटायन परत येतो, एस्टर ही तात्पुरती वस्ती. रिंगवर बसला की मात्र बऱ्यापैकी मुक्काम. आणि पोलरबद्दल तुमचं बरोबर, ते वाक्य एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं असं मलाही वाटतं. ॲसिटिक ॲसिडचं बळ हायड्रोजन बॉन्डमध्ये आहे, ऋण आयनला ते चांगलं धरतं. आणि १० मिली सल्फ्युरिक ओतल्यावर ते मिश्रण नुसतं ॲसिटिक ॲसिड राहतं कुठे, निम्मं सल्फ्युरिकच आहे, त्याचा डायइलेक्ट्रिक १०० च्या आसपास. तेव्हा सॉल्व्हंट कोण म्हणाल तर दोघं मिळून. हे व्हायवात नका सांगू पण, वाद वाढेल.

बुन्सेनबाबा

उशिरा आलो धाग्यावर. मी अभ्यासापेक्षा कामातच जास्त शिकलोय त्यामुळे ॲल्युमिनियम क्लोराईडवाली बाजू मी लिहितो, ती राहूनच गेलीय.

फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांचं मूळ काम १८७७ चं, पॅरिसमध्ये. ते बेन्झीनमध्ये अमिल क्लोराईडवर ॲल्युमिनियम धातू टाकून बघत होते, हायड्रोजन क्लोराईड भसाभसा सुटायला लागलं आणि मग लक्षात आलं की धातू नाही, रिॲक्शनमध्ये तयार झालेलं ॲल्युमिनियम क्लोराईडच खरं काम करतंय. म्हणजे कोणाची काय भूमिका यात खुद्द त्यांचाही पहिला अंदाज चुकला होता, अणूभाऊ, तुम्ही एकटे नाही.

त्या प्रकारात सॉल्व्हंट निवडणं ही खरी डोकेदुखी. ईथर, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) चालत नाहीत, ऑक्सिजन ॲल्युमिनियमला मिठी मारून बसतो आणि कॅटलिस्ट गारद. जुन्या पद्धतींत कार्बन डायसल्फाईड असायचं, रिॲक्शनला उत्तम पण ४६ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ ९० अंशाच्या आसपासच आपोआप पेटते, म्हणजे ठिणगीसुद्धा नको, गरम हॉटप्लेट किंवा स्टीमची नळी पुरते. मी तरी वापरणार नाही. नायट्रोबेन्झीन चालतं, कारण नायट्रो गटाने रिंग इतकी थंड केलीय की तिच्यावर अल्किलेशन होतच नाही, आणि ॲल्युमिनियम क्लोराईड त्यात चांगलं विरघळतं, फक्त विषारी आहे आणि २११ अंशाला उकळतं त्यामुळे नंतर काढताना जीव जातो. नायट्रोमिथेन, डायक्लोरोमिथेन, डायक्लोरोइथेन हे बाकीचे.

आता डायक्लोरोमिथेनची माझी गोष्ट. नवीन होतो, बेन्झीन मोजकंच घेतलं, एक प्रायमरी क्लोराईड, ॲल्युमिनियम क्लोराईड आणि सॉल्व्हंट म्हणून डायक्लोरोमिथेन, रिफ्लक्सला (उकळत ठेवून वाफ परत थंड करून आत सोडणं) लावून रात्रभर सोडून घरी. सकाळी टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) एक आगाऊचा ठिपका, दुपारपर्यंत डोकं खाजवतोय, कॉलम केला तर ते फ्रॅक्शन जिरेनियमसारखं वासाचं. आमच्या सिनियरने नुसता वास घेऊन सांगितलं, डायफिनाइलमिथेन आहे हे, तुझ्या सॉल्व्हंटने रिॲक्शन केलीय. खरंच की, डायक्लोरोमिथेन म्हणजे दोन क्लोरीन असलेला अल्किल हॅलाइडच, दोन बेन्झीन त्याला दोन्हीकडून लागले. क्लोरोफॉर्म घेतला असता तर ट्रायफिनाइलमिथेन. बाटली सॉल्व्हंटच्या कपाटातली होती हे खरं, पण फ्लास्कमध्ये गेल्यावर रिएजंट झाली. उतावीळ रिंग असेल आणि थंडीत लवकर आटपत असेल तर डायक्लोरोमिथेन बिनधास्त चालतं, सुस्त रिॲक्शनला गरम करत बसलात की ते मधे तोंड घालतं.

परीक्षानळी

वास घेऊन ओळखणारे सिनियर :D आता असं करू नका हं कोणी.

बुन्सेनबाबा

हो, वास घ्यायची सवय वाईटच, बेन्झीनवाल्या फ्लास्कचा तर मुळीच नको, कॅन्सरचं कारण आहे ते.

साध्या अल्किलबेन्झीनसाठी खरा शहाणपणा म्हणजे बेन्झीन हेच रिएजंट आणि तेच सॉल्व्हंट. भरपूर जास्त घ्यायचं. कारण एक अल्किल लागलेली रिंग मूळ बेन्झीनपेक्षा जास्त तत्पर होते, मग पुढचा कार्बोकॅटायन तिच्यावरच जातो, डाय, ट्राय अशी रांग लागते. आजूबाजूला बेन्झीनची गर्दी ठेवली की त्या कार्बोकॅटायनला आधी बेन्झीनच भेटतं. क्युमीन बनवताना, ज्याच्यापासून पुढे फिनॉल आणि ॲसिटोन निघतं, तिथेही प्रोपिलीन कमी आणि बेन्झीन जास्त असंच असतं, उरलेलं डिस्टिल करून परत फिरवतात. कॅटलिस्ट मात्र बदलत गेला, आधी फॉस्फोरिक ॲसिड लावलेला घन कॅटलिस्ट, ॲल्युमिनियम क्लोराईड, आता झिओलाइट (सच्छिद्र खनिजासारखा घन). ॲल्युमिनियम क्लोराईडचा मेला गाळ आणि ॲसिडचं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न मोठा असतो.

गोंधळलेला अणू

क्युमीनवरून आठवलं, एन-प्रोपिल क्लोराईड घेतला तरी आयसोप्रोपिलबेन्झीन जास्त येतं ना? यात सॉल्व्हंटचा हात आहे का?

परीक्षानळी

मुख्य दोष कार्बोकॅटायनचा, प्रायमरी राहायला तयार नाही, शेजारचा हायड्राईड (इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन निघालेला हायड्रोजन) उडी मारतो आणि सेकंडरी होतो. थंडीत केलं तर सरळ साखळीवाला वाटा वाढतो. आयसोब्युटिल क्लोराईड घेतला तर टर्ट-ब्युटिलबेन्झीन. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये टर्ट-ब्युटेनॉल ठेवलाय तो याचसाठी, टर्शरीला अजून कुठे जायचंय? सरळ साखळीच हवी असेल तर ॲसिलेशन (अल्किलऐवजी कार्बोनिलवाला गट बसवणं) करून मग कीटोन रिड्यूस करतात, ॲसिलियम आयन जागा बदलत नाही. पण तिथे ॲल्युमिनियम क्लोराईड चिमूटभर चालत नाही, एक मोलहून थोडं जास्तच लागतं, तयार झालेला कीटोन त्याला धरून ठेवतो. म्हणजे तोच पदार्थ अल्किलेशनला कॅटलिस्ट आणि ॲसिलेशनला जवळजवळ रिएजंट. व्हायवाला हमखास येणारा प्रश्न, लिहून ठेवा.

चंचुपात्र

अणूभाऊ, यील्ड किती आली ते सांगितलंच नाहीत. आणि मेल्टिंग पॉइंट?

गोंधळलेला अणू

३.२ ग्रॅम. मेल्टिंग ९९ ते १०२. पुस्तकात १०४ ते १०५ आहे. लिमिटिंग (आधी संपणारा) कोण हे पण जरा... मला वाटलं ब्युटेनॉल, कारण दोन लागतात.

चंचुपात्र

करून बघू. ३ ग्रॅम भागिले १३८.२ म्हणजे ०.०२१७ मोल रिंग. ५ मिली ब्युटेनॉल, घनता ०.७८, म्हणजे ३.९ ग्रॅम, भागिले ७४.१, ०.०५३ मोल. लागणार दुप्पट म्हणजे ०.०४३४. आहे त्याहून जास्त, तेव्हा लिमिटिंग रिंगच. प्रॉडक्टचा मोलर मास २५०.४, थिऑरेटिकल ५.४ ग्रॅम. तुमचं ३.२ म्हणजे ५९ टक्के. विद्यार्थ्याच्या हाताला वाईट नाही.

ब्युटेनॉल थोडा जास्त ठेवतात त्याचं कारण कार्बोकॅटायनमधून प्रोटॉन निसटला की आयसोब्युटिलीन होतो, उणे ७ अंशाला उकळणारा गॅस, तो तोंड उघडं असेल तर सरळ उडून जातो नाहीतर स्वतःशीच जुळून तेलकट डायमर बनवतो. बर्फात आणि थेंब थेंब कशासाठी हे आता कळलं असेल. सल्फ्युरिक किती वेळात घातलंत?

गोंधळलेला अणू

अं... घाई होती. दोनेक मिनिटात. फ्लास्क जरा गरम लागला.

चंचुपात्र

हम्म. कळलं, यील्ड कुठे गेली ते.

निळा लिटमस

मेल्टिंग कमी आणि पसरट आलाय तो बहुतेक मिथेनॉल पूर्ण वाळला नसेल म्हणून, किंवा मोनो (एकच टर्ट-ब्युटिल लागलेला) राहिला असेल. परत वाळवून बघा, वाढला तर मिथेनॉल, नाही वाढला तर परत रिक्रिस्टलाइझ. आणि धुवायला घेतलेलं मिथेनॉल खरंच बर्फात थंड केलं होतंत का? कोमट मिथेनॉलने धुतलं की प्रॉडक्टही त्याच्याबरोबर चाललं.

उगाच एक

एक विचारू? आमच्याकडे शाळेपासून घोकून घेतलंय की ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. इथे तर बर्फ ॲसिडवर टाकताहेत. हे कसं चालतं?

बुन्सेनबाबा

बरोबर पकडलंत. नियम बरोबरच आहे. इथे निम्मं ॲसिटिक ॲसिड मिसळलेलं असतं, फ्लास्क बर्फात असतो, आणि आधी पाणी नाही तर बर्फाचे खडे एकेक करून टाकतात, म्हणजे निघणारी उष्णता बर्फ वितळवण्यातच संपते. एकदम पाणी ओतलंत तर उसळेल. मी स्वतः मिश्रणच ठेचलेल्या बर्फावर बारीक धारेने ओततो, दोन्हीचा निकाल एकच आणि मला शांत झोप लागते.

परीक्षानळी

अवांतर: दुसरा टर्ट-ब्युटिल पहिल्याच्या बरोब्बर समोरच का बसतो हे पण विचारतात. मिथॉक्सीच्या दृष्टीने उरलेल्या तिन्ही जागा चालण्यासारख्या. शेजारी गेला तर दोन टर्ट-ब्युटिल एकमेकांच्या अंगावर. मेटाला (एक जागा सोडून) गेला तर मधला मिथॉक्सी दोघांच्या कचाट्यात. समोर गेला तर प्रत्येक मिथॉक्सीला एकेकच शेजारी, शिवाय पहिला टर्ट-ब्युटिलही पॅराकडेच (समोरच) ढकलतो. तिसऱ्याला जागाच उरत नाही.

गोंधळलेला अणू

अपडेट: आज डेसिकेटरमधून काढून परत मेल्टिंग घेतला, १०३ ते १०४.५. मिथेनॉलच होता. पुढच्या आठवड्यात रिपीट टर्न मिळालाय, या वेळी सल्फ्युरिक थेंब मोजून घालणार आणि डायमिथॉक्सी ॲसिटिकमध्ये विरघळवून त्यात ब्युटेनॉल घालूनच बर्फात ठेवणार म्हणजे गोठायची भानगड नाही.

चंचुपात्र

ब्युटेनॉलची बाटली आधी बघून ठेवा, लॅब थंड असेल तर तीच गोठलेली मिळेल, कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करा.